निदान करून परतलेल्या बाई

एखाद्याला खेळाचं वेड आहे, नाटकाचं वेड आहे, असं तुम्ही कौतुकानं चारचौघांत सांगता. तोच माणूस एक दिवस खरोखर आजारी पडला, तर तुमचं ते कौतुक कुठे जातं? उत्तराची घाई करू नका. आधी आमच्या दमबाईंची गोष्ट ऐका.

दमबाई हे नाव आम्ही पोरींनी ठेवलेलं. शाळेच्या फाटकात छाती भरून श्वास घेऊन त्यांनी ‘कबड्डी, कबड्डी’ सुरू केलं, की अख्खं मैदान ओलांडून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून त्या परत फाटकात येईपर्यंत आवाज तुटायचा नाही. तोही पुटपुटल्यासारखा नाही, टाकीवरचे कावळे उडतील असा. अंगावर साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात नवऱ्याचे, म्हणजे आमच्या गणिताच्या सरांचे, जुने कॅनव्हासचे बूट. नवी मुलगी मैदानावर आली की तिला हे एकदा करून दाखवायचं आणि मग विचारायचं, “तुझा किती हाय, दाखव.” शाळेत दम देणारे शिक्षक पुष्कळ होते. दम वाढवायला शिकवणाऱ्या या एकट्याच.

बाई मूळच्या पेणच्या खाडीकाठच्या. घरची माणसं मिठागरात राबणारी. हंगाम संपला की रिकाम्या पडलेल्या वाफ्यांत भावांबरोबर त्या कबड्डी खेळत. खरचटलेल्या गुडघ्यात मीठ गेलं की काय होतं, हे त्या आम्हाला इतक्या आनंदानं सांगायच्या की जणू पेढ्यांची चव सांगताहेत. लग्न होऊन त्या रोह्यात आल्या ते शिक्षकांच्या घरात. सासरे हेडमास्तर होऊन गेलेले, नवरा गणिताचा शिक्षक, सासूबाईंचं मराठी छापल्यासारखं. त्या घरात बाईंचं ‘हाय’ आणि ‘नाय’ बरीच वर्षं दुरुस्त करून पाहिलं गेलं. शेवटी बाईंनीच तोडगा सांगितला होता : घरात शुद्ध बोलेन, पण मैदानावर शुद्ध बोलायला दम पुरत नाय. पुढे त्या घरातही मैदानावर असल्यासारख्याच वावरू लागल्या आणि दुरुस्तीचं काम आपोआप बंद पडलं.

मुलींचा संघ त्यांनी रोह्याशेजारच्या आमच्या वरसे गावात दारोदार फिरून जमवला. संध्याकाळी चुली-गॅस पेटायच्या वेळेला त्या बरोबर ओट्यावर हजर. माझ्या आईकडे आल्या तेव्हा मी दाराआड होते. आमच्या घरात खेळाचं कोणाला काही नव्हतं. बाबा कंपनीतल्या युनियनचे. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. अक्षरओळख मी त्यांवरच केलेली. आई म्हणाली, खेळू दे, पण ती चड्डी घालून नको, पोरीचे पाय दिसतात. बाई ओट्यावर बसल्या, पाण्याचा तांब्या घेतला आणि म्हणाल्या, “भाताच्या लावणीला गुडघ्याच्या वर लुगडं खोचून तू दिवसभर चिखलात उभी असतेस. तवा तुझे पाय कोणाला दिसत नाय काय गो?” आईला हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर.

खेळाडू म्हणून मी सुमार होते आणि बाईंनी ते लपवलं नाही. माझ्याकडे संघाची पत्रकं लिहायचं काम आलं. गावोगावच्या सामन्यांना लोक यावेत म्हणून मी लिहायचे आणि आम्ही ती रिक्षा स्टँडवर, बाजारात वाटायचो. माझ्या पहिल्या पत्रकात ‘उठा’, ‘या’, ‘पाहा’ असं सगळं होतं आणि प्रत्येकापुढे उद्गारचिन्ह. बाईंनी ते वाचून परत दिलं. “ही काठी-टिंबं कमी कर. वरडल्यानं दम जातो, मग ऐन चढाईत काय करशील?” लिहिण्याबद्दल याच्याहून उपयोगी सल्ला मला आजवर कोणी दिलेला नाही.

पण त्यांची सगळी शिकवण एका रेषेवर उभी होती. कबड्डी न खेळलेल्यांसाठी सांगते. मधली रेषा ओलांडून आपण समोरच्यांच्या अंगणात चढाईला जातो. त्या अंगणात आडवी आणखी एक रेषा असते, तिला निदानरेषा म्हणतात. कोणाला शिवता आलं नाही तरी चालेल, पण निदान ती रेषा तरी ओलांडायची आणि मगच परत फिरायचं. न ओलांडता परतलात तर तुम्ही बाद. आम्ही याला सरळ ‘निदान करणं’ म्हणायचो. आमच्यापैकी अर्ध्याजणी सुरुवातीला मधल्या रेषेवरच नाचायच्या आणि सात जणींना बघून मागे पळायच्या. बाई बाजूनं चालत एकच गोष्ट सांगत राहायच्या : भीती वाटते ना, वाटू दे, पण निदान करून ये. कोणी गणिताच्या पेपराला घाबरली तरी हेच. कोणाला घरी शिक्षणाचं विचारायचं धाडस होईना तरी हेच. आमची कर्णधार सुजाता तर आईनं भाजी आणायला पाठवलं आणि भाव विचारून परत आली तरी म्हणायची, निदान करून आले.

मग ते दिवस आले. दसरा होऊन गेला होता, भातं कापणीला आली होती. बाईंचा उत्साह आधीच मोठा. तो वाढला तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक गावात मुलींचं मैदान करायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या म्हणाल्या, जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांचा एक संघ करायचा. आम्ही हसलो. मग त्या इतक्या भरभर बोलू लागल्या की एक वाक्य पुरं व्हायच्या आत तिसरं सुरू व्हायचं. मंत्र्यांच्या कार्यालयात फोन लावायच्या. घरी झोपतच नव्हत्या, हे आम्हाला नंतर कळलं. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला इतकं पळवलं की सुजाता कोसळली. बाई तिच्याजवळ गेल्याच नाहीत. त्या पुढच्या सामन्याचे डाव आखत राहिल्या, आणि समोर पडलेली पोर त्यांना दिसत नव्हती. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा बाईंना भ्यालो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आजारात काही सुंदर असतं असं सांगणाऱ्या मंडळींनी सुजाताचा तो पांढरा पडलेला चेहरा बघायला हवा होता.

दोन-तीन दिवसांतच पुलाचा प्रकार झाला. सकाळी पहिल्या शिफ्टच्या वेळेला बाई फक्कीची गोणी घेऊन कुंडलिका नदीच्या पुलावर गेल्या. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी. पुलाच्या मधोमध त्यांनी या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत रेषा मारायला घेतली. त्या म्हणत होत्या, या काठाचं रोहा इकडं, त्या काठाचं अष्टमी गाव तिकडं, आता होऊन जाऊ दे सामना. कंपनीची बस थांबली, मागे एसटी थांबली, मागे दूधवाले. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तर बाई त्याला म्हणाल्या, हॉर्न नको, कबड्डी म्हणत ये. लोक हसत होते आणि मोबाइल वर धरून उभे होते. तेवढ्यात सर आले. आमचे गणिताचे सर, कधी आवाज न चढवणारे. ते बाईंना ओढायला गेले नाहीत. बाजूला उभे राहिले, रेषा पलीकडच्या कठड्याला टेकेपर्यंत थांबले आणि मग गोणी स्वतःच्या हातात घेऊन म्हणाले, “चल. रेषा पुरी झाली.” बाई त्यांच्याबरोबर निघाल्या.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ नागोठण्यापर्यंत पोचला होता. आणि गावात दोन पक्ष पडले.

एक पक्ष शाळेच्या समितीतल्या अण्णांचा. बाईंना वेड लागलं आणि ते कबड्डीनं लागलं, हे त्यांचं म्हणणं. बायकांनी नसते नाद केले की असंच होतं, मुलींना आता यापासून लांब ठेवा. मैदानाच्या फाटकाला कुलूप पडलं. दुसरा पक्ष व्यायामशाळेच्या भाऊंचा. ते बाईंचे भक्त. त्यांचं म्हणणं, बाईंना काहीही झालेलं नाही, मोठी माणसं अशीच असतात, ही दैवी देणगी आहे. वाघिणीला गोळ्या देऊन मांजर करायचं आहे का, असं ते सरांना भररस्त्यात विचारत. एकजण बाईंची कबड्डी काढून घ्यायला निघालेला, दुसरा त्यांचं औषध. दोघांपैकी एकानंही त्यांना झोप लागते का, एवढं विचारलं नव्हतं. मला विचाराल तर भाऊंचा राग मला जास्त येतो. अण्णांशी भांडता तरी येतं.

सरांनी कोणाचं ऐकलं नाही. बाईंना घेऊन ते पेणला गेले. तिथे मनोविकारांच्या एक डॉक्टर होत्या, आणि बाईंचे भाऊ-आई जवळ होते. आम्हाला काहीच कळत नव्हतं. शाळेत विचारलं की शिक्षक विषय बदलायचे. शेवटी सुजाता, मी आणि आणखी दोघी-तिघी बाईंच्या घरी गेलो. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. डोळे रडून सुजलेले. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि अतिशय जड आवाजात म्हणाल्या, “मुलींनो, डॉक्टरांनी निदान केलं.”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. सुजाताचा चेहरा उजळला. “निदान झालं?” ती म्हणाली. “मग काय टेन्शन नाय, आजी. आता परत येणार.”

सासूबाई बघतच राहिल्या. त्यांना वाटलं या पोरींचंही काही बिघडलं. सुजातानं मग ओट्यावर बोटानं रेषा काढून दाखवल्या : ही मधली, ही निदानाची, इथवर जाऊन आलं की परतायला मोकळं. सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. नंतर आत जाऊन फोन आणला, पेणला लावला, आणि पोरी काय म्हणतात ते त्यांच्या छापील मराठीत बाईंना सांगितलं. पलीकडून बाईंचं हसू ऐकू आलं. थकलेलं, पण त्यांचंच. आणि त्या सावकाश म्हणाल्या, “बरोबर बोलते सुजी. निदान न करता परत आले असते, तर बाद झाले असते.”

आजाराचं नाव त्यांनी आमच्यापासून लपवलं नाही. दिवाळीनंतर त्या रोह्याला आल्या तेव्हा आम्हाला घरी बोलावून स्वतःच सांगितलं : बायपोलर म्हणतात याला. कधी माणूस जमिनीवर राहत नाही, कधी जमिनीतून वर येत नाही. सुजातासमोर त्यांनी मान खाली घातली आणि त्या संध्याकाळबद्दल तिची माफी मागितली. सुजाता म्हणाली, बाई, तुम्ही मला नंतर कधीही पळवा, पण आधी जरा चहा घ्या. त्यांचा हात थरथरत होता. औषधानं होतं, डॉक्टर मात्रा कमी-जास्त करताहेत, असं सर म्हणाले. बाई अंगानं सुटल्या होत्या. बोलता बोलता थांबायच्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी अंगणाच्या फाटकापर्यंत ‘कबड्डी’ म्हणून पाहिलं आणि अर्ध्यातच दम तुटला. औषधाची किंमत असते, आणि ती त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत मोजली.

समितीची सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. प्रश्न एकच होता : मुलींची कबड्डी ठेवायची की कायमची बंद करायची, आणि बाईंनी मैदानावर पाऊल टाकायचं की नाही. पालकांना बोलावलं होतं, आम्ही खिडकीला लटकलो होतो. अण्णांनी ठराव वाचला : ज्या खेळानं शिक्षिकेचं डोकं फिरलं, तो खेळ मुलींना नको. भाऊ उठून तावातावानं म्हणाले की बाई ठणठणीत आहेत, डॉक्टरांनी उगाच घोळ घातला आहे. आणि मग बाई उभ्या राहिल्या. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून, सावकाश.

“अण्णा, मी आजारी हाय. भाऊ, मी आजारी हाय. दोघांनीबी नीट ऐका,” त्या म्हणाल्या. “पण मी वाफ्यात खेळायची तवा परकर-पोलक्यात होते. तवा आजार नव्हता, कबड्डी होती. आता दोन्ही हायत, म्हणून तुम्हाला एक वाटतात. मला नाय वाटत. कबड्डी माझी. जागरण आजाराचं. आजार मी डॉक्टरकडं दिलाय. कबड्डी कुणाकडं द्यायची नाय.”

बाईंनी पुढे स्वतःच अटी घातल्या. मैदानावर त्यांच्याबरोबर रोज दुसऱ्या एक शिक्षिका असतील. फाटकाची किल्ली सरांकडे राहील. आणि कर्णधार रोज सरावाआधी विचारेल, बाई, रात्री झोपलात का. उत्तर नाही असेल तर त्या दिवशी बाई घरी. स्वतःवर असा पहारा बसवायला सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या पुढाऱ्यांपैकी किती जण असा पहारा मागून घेतील, मोजून बघा.

अण्णा म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण गोळ्या खाणाऱ्या माणसाच्या ताब्यात मुली कशा द्यायच्या? तेव्हा सुजाताची आई मागच्या रांगेतून बोलली. ती फार बोलणारी बाई नव्हे. “आमचा मालक शुगरची गोळी खातो आणि कंपनीत शिफ्ट करतो. त्याला गेटवर कोणी अडवलं नाय.”

“ते वेगळं,” अण्णा म्हणाले.

“काय वेगळं, ते सांगा.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काय वेगळं ते त्यांना आजपर्यंत सांगता आलेलं नाही. त्यांच्या बाजूनं एवढंच म्हणेन, की ठराव त्यांनी स्वतःच्या हातानं मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी कुलूपही स्वतःच काढलं.

सुजाता रोज विचारायची. बाई रोज उत्तर द्यायच्या, कधी कंटाळून, कधी चिडून. दोनदा त्या ‘नाय’ म्हणाल्या आणि गुपचूप पिशवी उचलून घरी गेल्या. हळूहळू हाताची थरथर उतरली. टाकीला वळसा घालण्याइतका दम परत आला नाही, पण नजर आली. पूर्वी त्या आमच्या पुढे पळायच्या. आता खुर्चीवर बसून बघायच्या. आणि बसल्यामुळे त्यांना असं काही दिसू लागलं जे पळताना दिसत नव्हतं : कोणाचा डावा पाय उशिरा उचलतो, कोण पकड करताना डोळे मिटते, कोण घरून उपाशी आली आहे. खरं सांगते, त्या अधिक चांगल्या शिक्षिका झाल्या. आग तीच होती, आता तिच्यावर काहीतरी शिजत होतं.

तालुक्यांच्या स्पर्धेचा अंतिम सामना पेणला झाला. समोर खाडीपट्ट्यातला तगडा संघ, म्हणजे बाईंच्या माहेरचाच म्हणायचा. मैदानाभोवती माणूस मावत नव्हतं. सुजाता चढाईला निघाली की पलीकडची पोरं ओरडायची, “ए, येड्या बाईच्या पोरी.” पहिल्या डावात आम्ही त्यानं खचलो, गुणांत मागे पडलो. मध्यंतरात आम्हाला वाटलं बाई आता त्या पोरांवर तुटून पडतील. त्यांनी फक्त पाण्याची बाटली सुजाताच्या हातात दिली आणि म्हणाल्या, ती पोरं दम फुकट घालवतात, तुम्ही वापरा.

दुसऱ्या डावात आम्ही एकेक गुण परत आणला. शेवटच्या चढाईला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. सुजाता आत गेली, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली, तिघींनी तिला मागून धरलं, आणि ती त्या तिघींना घेऊन, ओढत, सरपटत, मधल्या रेषेवर पालथी पडली. हाताची बोटं रेषेपलीकडे. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो होतो. सुजाता तोंडातली माती थुंकत उठली, ओरडणाऱ्या त्या पोरांसमोर जाऊन उभी राहिली, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, “व्हय. त्यांच्याच पोरी.”

बाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, आयुष्यातला पहिला सामना बघायला आलेल्या. त्या दोघी एकमेकींचा हात धरून रडत होत्या आणि सासूबाई म्हणत होत्या, “आपण जिंकलो गो, जिंकलो.” छापील मराठी कुठल्या कुठे गेलं होतं.

पुढे सरांची बदली पेणला झाली. निरोपाच्या दिवशी आम्ही सगळ्या स्टँडवर गेलो होतो. बाईंनी भाषण केलं नाही. गाडी सुटताना खिडकीतून सुजाताला म्हणाल्या, आता तू झोपत जा वेळेवर. आज त्या माहेरच्या गावात, भात कापून झालं की मोकळ्या शेतात, तिथल्या पोरींना शिकवतात. गोळी चालू आहे. मध्ये एकदा आजार पुन्हा डोकावला. या वेळी बाईंनीच आधी ओळखला, काही दिवस घरी राहिल्या, डॉक्टरांना भेटल्या, आणि परत मैदानावर गेल्या. वरशातल्या मुलींना आता सुजाता शिकवते. मी लिहिते, काठी-टिंबं कमी करून.

तीव्र ओढ ही देणगी की आजार, असं मला लोक अजून विचारतात, बहुतेक वेळा खुर्चीत आरामात बसून. मी एवढंच सांगते की एका बाईंनी दोन्ही एकाच देहात वागवली आणि कोणतं कुठलं, हे स्वतः ठरवलं. हा हक्क त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांनी तो भरल्या हॉलमध्ये, खुर्चीच्या पाठीला धरून, मिळवला.

तुमच्या गल्लीतही असं कोणीतरी असेल. ज्याच्यावर लोक हसतात, किंवा ज्याला लोक उगाच डोक्यावर घेतात. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. डॉक्टरकडे जायची गरज असेल, तर त्याच्यासोबत जा. आणि तिथून येताना त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या मैदानावर, त्याच्या रंगमंचावर त्याला परत पोचवायलाही तुम्हीच सोबत जा.